शोभनाकाकूंची संमती

“एक तर ह्या खुर्च्या गार, त्यात ह्यांचे राजे,” शोभनाकाकू शेजारच्या रत्नाताईंच्या कानाशी पुटपुटल्या. “जन्मभर पोरांना पेशव्यांच्या सनावळ्या शिकवल्या, आता म्हातारपणी हा जॉन माझ्या डोक्यावर.”

मी त्यांच्या मागेच, हातभर अंतरावर, मार्करचं टोपण शोधत होते. ऐकूच आलं नाही असं दाखवलं. वर्ग घेणाऱ्या बाईला थोडं बहिरं असावं लागतं.

आमचा वर्ग अमेरिकेतल्या आयसेलिन गावच्या लायब्ररीच्या तळघरात दर शनिवारी सकाळी भरतो. मुलांनी बोलावून घेतलेले आईवडील, ग्रीन कार्डाला पाच वर्षं झालेले, सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूची तयारी करायला येतात. सरकारने शंभर प्रश्न छापलेत, त्यातले थोडे विचारतात. ते आम्ही पाढ्यांसारखे म्हणतो. राज्यं किती, पन्नास. सिनेटर किती, शंभर. पहिले यात्रेकरू कोणत्या जहाजातून आले, मेफ्लॉवर. पण नुसते पाढे म्हणवून घेणं मला जमत नाही. माझं शिक्षण अकरावीपर्यंतचं. पुढचं सगळं इथल्या किराणा दुकानाच्या काउंटरवर, गिऱ्हाईक नसताना वाचलेलं. आणि वाचलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्याची शिक्षा ह्या सगळ्यांना.

“कांचनताई, हे परीक्षेत येतं का?” दिगंबरकाकांनी विचारलं. हे रत्नाताईंचे यजमान, नागपूरचे, वीज मंडळातून रिटायर झालेले.

“नाही येत.”

“मग लिहून नाही घेत.” त्यांनी पेनला टोपण लावलं.

“नका घेऊ. नुसतं ऐका. तर हा जॉन राजा. मनाला येईल तसे कर बसवायचा, मनाला येईल त्याला तुरुंगात टाकायचा. शेवटी सरदारांनी त्याला नदीकाठच्या एका कुरणात गाठलं आणि सनदेवर त्याचा शिक्का घेतला. बाराशे पंधरा साल. म्हणजे तिकडे आपल्याकडे ज्ञानेश्वर जन्मायचे होते. सनदेत काय, तर कुणाही मोकळ्या माणसाला निवाड्याशिवाय पकडायचं नाही. कर बसवायचा तर आधी विचारायचं. राजा झाला म्हणून काय झालं, त्याच्याही वर काहीतरी लिहिलेलं असतं, ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा तिथे कागदावर आली.”

“आणि तो पाळायचा?” रत्नाताई.

“छे. दोनतीन महिन्यांत मोडली. पण लोकांनी लक्षात ठेवली. तीच माणसं, म्हणजे त्यांची नातवंडं-पतवंडं, समुद्र ओलांडून इकडे आली तेव्हा ती आठवण सोबत घेऊन आली. दीडशे वर्षं ते इंग्लंडच्या राजाला हेच सांगत होते, आम्ही इथे असलो म्हणून काय झालं, आम्हालाही विचारायचं.”

शोभनाकाकूंनी स्वेटरची बटणं वरपर्यंत लावली. “त्यात बायकांचं काही आहे का गं?”

मला हा प्रश्न कुणी आजवर विचारला नव्हता, म्हणून मी खूश झाले. “आहे ना काकू. विधवेला तिच्या मनाविरुद्ध कुणी लग्नाला उभं करायचं नाही. आणि नवरा गेल्यावर चाळीस दिवस तिला त्याच्या घरात राहू द्यायचं.”

“चाळीस दिवस. आणि मग?”

“मग तिचा वाटा तिला देऊन मोकळी करायची.”

“कुठे जायला मोकळी?” काकूंनी विचारलं.

मी मार्करचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग फ्रेंच न्यायाधीशाची गोष्ट काढली, जो म्हणायचा की कायदा करणारा, तो राबवणारा आणि निवाडा देणारा, तिघं वेगळे पाहिजेत, नाहीतर माणसाची खैर नाही. रत्नाताई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “आमच्याकडे तिन्ही खाती हेच बघतात.” सगळे हसले. दिगंबरकाका म्हणाले, “आणि बजेट कोणाकडे, तेही सांग.” काकूही हसल्या, पण त्यांचे पाय खुर्चीखाली एकसारखे हलत होते.

काकूंचा इंटरव्ह्यू गुरुवारी होता. दुसरा. ऑगस्टमधल्या पहिल्यात त्या पास झाल्या नव्हत्या, आणि ह्या वेळीही नाही झाल्या तर अर्ज नामंजूर. वर्गात सगळ्यात हुशार बाई, इंग्रजी व्यवस्थित, प्रश्न विचारायच्या आधी उत्तर तयार; त्या नापास कशा झाल्या, ह्यावर आमच्या तळघरात महिनाभर चर्चा झाली. दिगंबरकाकांनी निदान केलं, ‘एसी जास्त असतो तिथे.’ मला वाटलं माझ्याच शिकवण्यात खोट. असं सगळं आम्हाला वाटलं, कारण दुसरं काही वाटून घ्यायची कुणाची तयारी नव्हती.

काकूंना सोलापूरला परत जायचं होतं. पाहुणी म्हणून नाही, राहायला. हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यांच्या सुनेला माहीत होतं, कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यालाही माहीत असावं. त्या महापालिकेच्या शाळेत मास्तरीण होत्या. तिथे त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, खालच्या मजल्यावर धाकटी बहीण प्रतिमा राहते, आणि शाळेतल्या जुन्या बायकांचा कंपू अजून दर मंगळवारी जमतो. पण ग्रीन कार्डवाल्याने फार दिवस बाहेर राहिलं की कार्ड जातं. म्हणून त्यांचा मुलगा यतीन म्हणायचा, “आई, एकदा सिटिझन झालीस ना, की मोकळी. मग हवे तितके दिवस सोलापूरला राहा.” ऐकायला किती बरं वाटतं. पण पाच वर्षांत त्याने आईचं तिकीट पाच आठवड्यांच्या पुढचं कधी काढलं नव्हतं, आणि सिटिझन झाल्यावर काढेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

यतीन वाईट मुलगा नाही. असता तर सगळ्यांचंच सोपं झालं असतं. त्याचे वडील, अरुणराव, दोन हजार एकच्या सप्टेंबरात सोलापूरला वारले. बारा तारखेला. आदल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये जे झालं ते झालं होतं, आणि ह्या देशातलं एकही विमान उडत नव्हतं. यतीन बॅग घेऊन नेवार्कच्या विमानतळावर गेला, तर पोलिसांनी बाहेरच्या रस्त्यावरूनच परत पाठवला. तो सोलापूरला पोचला तेव्हा अग्नी पुतण्याने देऊन झाला होता. पुढच्याच वर्षी त्याने आईला इकडे आणलं. त्यांच्या घरी ‘फ्लाइट’ हा शब्द कुणी वापरत नाही. पाहुणे कधी येणार असं विचारतात, कोणत्या विमानाने ते नाही.

तर त्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी काकूंना नेहमीप्रमाणे घरी सोडायला निघाले. ओक ट्री रोडवर शनिवारी गाडी घालायची म्हणजे पाप. दिवाळी तोंडावर, पेनसिल्वेनियाहून, कनेक्टिकटहून लोक साड्या आणि दागिने घ्यायला आलेले, गाड्या दुहेरी लावलेल्या. आम्ही एका चाट सेंटरसमोर अडकलो ते अडकलोच. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. काकू पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

“कांचन, ते मेफ्लॉवरवाले,” त्या म्हणाल्या. “त्यांनी जहाजातच कागद केला म्हणालीस ना?”

“हो. ठरलेल्या जागेच्या बरंच उत्तरेला लागलं जहाज. तिथे त्यांची सनद लागू नव्हती. काही जण म्हणायला लागले, मग आम्ही कुणाचं ऐकायचं कारण नाही. म्हणून उतरायच्या आधी करार केला, की आपणच आपले नियम करू आणि सगळे मिळून पाळू. एक्केचाळीस जणांनी सह्या केल्या.”

“बायका किती त्यात?”

“जहाजात होत्या की.”

“सह्यांत विचारतेय मी.”

“एकही नाही.”

“हं,” काकू म्हणाल्या. “वाटलंच. सामान बांधायला होत्या.”

पुढची गाडी वीतभर हलली, मीही हलले.

“पण काकू, पुढे बदललं ना सगळं. एक इंग्रज होता, मुळात डॉक्टर. त्याने मांडलं की राज्य देवाने दिलेलं नसतं, लोकांच्या संमतीने चालतं. संमती नसेल तर ते राज्यच नाही. इथल्या लोकांनी पुढे राजाला सोडलं, ते त्याच्याच शब्दांवर.”

“संमती घेतात कशी पण? घरोघर जाऊन?”

“त्यालाही तोच प्रश्न पडला. तो म्हणतो, दोन तऱ्हा. एक न बोलता. तुम्ही त्या राज्यातल्या रस्त्यावरून नुसते चाललात तरी तेवढ्यापुरती दिली संमती. तिथून निघून गेलात की सुटलात. दुसरी तोंडाने बोलून दिलेली. ती दिली की कायमचे त्यांचे.”

काकू खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. फुटपाथवर एक सासू-सून साडीच्या पिशव्यांवरून वाद घालत चालल्या होत्या. “म्हणजे मी आत्ता पहिल्या तऱ्हेची,” त्या म्हणाल्या. “रस्त्यापुरती.”

मी आरसा उगाच नीट केला.

“ऑगस्टमध्ये मी नापास झाले नाही गं,” त्या म्हणाल्या. “प्रश्न सगळे बरोबर आले. गोरा गोमटा पोरगा होता ऑफिसर, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. आधी बाहेर आला, माझं नाव कसंबसं घेतलं, आणि विचारलं की आज तुम्ही कशा आहात. तर यतीन म्हणाला, ‘शी इज फाइन.’ त्याने परत मलाच विचारलं. परत यतीनच म्हणाला, ‘शी इज अ लिटल टायर्ड.’ मग त्याने यतीनला बाहेर बसवलं आणि मला एकटीला आत नेलं. मला हसूच आलं. अगं, तीस वर्षं निवडणुकीची ड्यूटी केलीय मी. शाई लावायला बसायचे. म्हातारीला घेऊन मुलगा यायचा, म्हणायचा, बाई, मीच सांगतो तिचं, तिला काय कळतंय. मी म्हणायची, तू जा बाहेर, पडद्याच्या आड ती एकटी जाईल. किती पोरं बाहेर काढली असतील मी. आता माझंच पोरगं बाहेर काढलं कुणीतरी.”

“मग?”

“मग काय, आत बसले. उत्तरं दिली. शेवटी त्याने विचारलं, जुना देश सोडून ह्या देशाशी निष्ठेची शपथ असते माहीत आहे ना, घ्यायची तयारी आहे ना? आणि मला बोलताच येईना. हो म्हणता येईना आणि नाही म्हणायची छाती होईना. तो थांबला. पाणी दिलं. परत विचारलं. मी आपली टेबलाकडे बघतेय. शेवटी म्हणाला, आपण पुन्हा भेटू. बाहेर येऊन मी यतीनला सांगितलं, इंग्रजी सुचलं नाही. त्याने लगेच मानलं. मुलांना आपलं म्हातारपण चटकन पटतं.”

“काकू, यतीनला सांगा ना.”

“तू सांग.”

मागून कुणीतरी हॉर्न दिला. समोरचा रस्ता मोकळा झाला होता आणि आम्ही दोघी तशाच.

त्या रात्री मी नवऱ्याला, एकनाथला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्यांच्या घरचं त्यांना बघू दे, तू गॅसवरचं बघ. दूध उतू चाललं होतं. उगाच चिडचिड होत राहिली. पुस्तकातल्या सरदारांनी राजाला कुरणात गाठलं हे सांगताना माझा आवाज कसा चढतो, आणि एका यतीनला दोन वाक्यं सांगायची तर मला एकदम पार्किंगचं निमित्त आठवतं.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी रंगीत तालीम ठेवली होती. यतीनचीच कल्पना. मुंजीची करतात तशी तयारी: जेवणाचं टेबल रिकामं केलेलं, एक खुर्ची अलीकडे, एक पलीकडे. ऑफिसर वाटावं म्हणून त्याने वरून कोट चढवला होता आणि खाली घरातली अर्धी चड्डी. ज्ञानदा, सात वर्षांची नात, कुणाच्या तरी बर्थडेला गेली होती. सून नेत्रा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काहीतरी संपवत होती. मला पोह्यांची बशी आणि परीक्षकाची जागा मिळाली. बाहेर शेजारी पानं उडवायचं यंत्र फिरवत होता. ते घरघरत जवळ यायचं, लांब जायचं, परत यायचं.

“प्लीज रेज युअर राइट हँड,” यतीन म्हणाला.

काकूंनी हात वर केला. बांगडी कोपराकडे घसरली.

प्रश्न सुरू झाले. ध्वजावर पट्टे किती. राष्ट्राध्यक्ष कोण. राज्यघटना म्हणजे काय. “द सुप्रीम लॉ ऑफ द लँड,” काकू म्हणाल्या, शाळेत तपासनीस आल्यावर मास्तरणी बोलतात तशा. यात्रेकरू अमेरिकेत का आले? “फॉर रिलिजस फ्रीडम.”

“बघा कांचनताई,” यतीन माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा फुलला होता. “एव्हरीथिंग येतं तिला. त्या दिवशी नुसती नर्व्हस झाली होती. हो ना आई? नर्व्हसच झाली होती ती.”

काकूंनी हात खाली घेतला आणि टेबलावरचा नसलेला कण पुसला.

“ओके, लास्ट. आर यू विलिंग टू टेक द फुल ओथ ऑफ अलीजन्स टू द युनायटेड स्टेट्स?” आणि श्वास न घेता पुढे, “इथे यस म्हणायचं. झालं. आता सही कशी करायची ती—”

“त्यांना म्हणू दे ना,” नेत्रा म्हणाली. लॅपटॉपवरून नजर न काढता.

“काय म्हणायचंय त्यात? यसच आहे उत्तर.”

“मग त्यांना म्हणू दे.”

यंत्र खिडकीजवळ आलं. आम्ही सगळेच ते लांब जायची वाट बघत बसलो, जणू त्याच्यामुळेच थांबलोय. मी पोह्यांचा घास गिळला.

“यतीन,” मी म्हणाले, “बाकीच्या उत्तरांसारखं हे पाठ करून नाही देता येत. तो जे विचारतो ते खरंच विचारतो. आपण शनिवारी ते संमतीचं—”

“ताई, प्लीज. फिलॉसॉफी नंतर. गुरुवार आलाय.” मग जरा ओशाळून, “सॉरी. मी स्ट्रेस्ड आहे थोडा. पोहे घ्या ना अजून.”

“घेते,” मी म्हणाले. असं माझं धैर्य.

यतीनने प्रश्नांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला. “आई, हे बघ, किती सिंपल आहे. यस म्हणालीस की तू सेफ. मेडिकल, ये-जा, एव्हरीथिंग. तुझ्यासाठीच करतोय ना मी सगळं.”

“हो रे बाबा,” काकू म्हणाल्या. “माहितीय मला.”

नेत्राने लॅपटॉप मिटला. उठली, आणि यतीनच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, काकूंच्या समोर. सासू-सुनेचं फार गूळपीठ आहे असं नाही. दोघी एका स्वयंपाकघरात पाच वर्षं एकमेकींना जपून वावरल्यात.

“आई, मी विचारते,” ती मराठीत म्हणाली. “तुम्हाला इथे राहायचंय का?”

“नेत्रा, हा क्वेश्चन त्यात नाहीये,” यतीन म्हणाला.

“नाहीच आहे. पाच वर्षांत आपण एकदाही विचारला नाही. तू तर नाहीच, आणि मी मुद्दाम नाही विचारला.” तिने खुर्ची आणखी पुढे ओढली. “मला भीती वाटायची आई नाही म्हणतील. मग ज्ञानदाला शाळेतून कोण आणणार, ती तापली की घरी कोण थांबणार. मला अजूनही नाही माहीत कोण थांबणार. पण म्हणून ह्यांनी हात वर करायचा?”

“आता हे काढायची वेळ आहे का? आई, तू बोलू नकोस काही. हिला ऑफिसचं टेन्शन आहे.”

“त्यांनाच बोलायचंय, यतीन.”

“आणि तिकडे काय आहे?” तो माझ्याकडे बघून म्हणाला, जणू सोलापूर मी काढलं होतं. “मावशीचे गुडघे गेलेत. लिफ्ट महिन्यातून चार दिवस चालते. तिथे काही झालं तर? बाथरूममध्ये पडली तर? मला कळणार कधी? मी इथून निघणार कधी? आणि समजा तेव्हाच फ्लाइट—”

तो थांबला. नेत्राने त्याच्या हातावर हात ठेवला, तो त्याने काढून घेतला नाही. गठ्ठ्यातली वरची पानं खाली सरकली, कुणी उचलली नाहीत.

मी उठायला लागले. “मी निघते, तुम्ही घरचे—”

“बस गं कांचन,” काकू म्हणाल्या.

त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. नेत्राने आपली खुर्ची त्यांना दिली. मुलाच्या शेजारी बसून त्यांनी त्याच्या कोटाची मुडपलेली कॉलर सरळ केली, आणि हात तिथेच राहू दिला.

“यतीन,” त्या म्हणाल्या, “बाबांच्या वेळेला तू नाही पोचलास. त्यात तुझं काही चुकलं नाही. विमानंच उडत नव्हती. माझ्या वेळेलाही कदाचित नाही पोचणार. तेवढ्यासाठी मी आत्तापासून तुझ्या दारात येऊन मरणाची वाट बघत बसू का रे? मी अजून जिवंत आहे. मला नाही घ्यायची ती शपथ. मला घरी जायचंय.”